बॅटरी फुगली तर?

मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसकामाच्या दणकट लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला. मी तो दाबून बसवणार, इतक्यात चौथीतली एक मुलगी ओरडली, "बाई, आत काहीतरी फुगलंय!" खरंच की! लिथियम-आयन बॅटरी बिघडली, की आत वायू साठतो नि ती फुगते. दाबली किंवा टोचली, तर पेट घेऊ शकते. मी चटकन चार्जर काढला, लॅपटॉप बंद केला. दुरुस्ती केंद्रात कळलं, लॅपटॉपची वॉरंटी ३ वर्षं, पण बॅटरीची एकच! पैसे मोजावे लागले. तुम्ही आजच घरातल्या लॅपटॉपचं वॉरंटी कार्ड शोधा. बॅटरीची मुदत वेगळी लिहिलीय का, वाचा बरं! आणि काही फुगलेलं दिसलं, तर त्या मुलीसारखं लगेच सांगा.