हास्यजत्रा आणि आमचें संमेलन

गेल्या स्नेहसंमेलनाच्या रात्रीं घडलेली एक गोष्ट आम्ही अद्याप विसरलों नाहीं. कार्यक्रमपत्रिकेवर सातवा क्रमांक एका विनोदी प्रवेशाचा होता. दूरचित्रवाणीवर अशा प्रवेशांची जी रेलचेल असते, तिच्याच धर्तीवर मुलांनीं तो बसविला होता. एका मुलानें लुगडें नेसून व डोकीवर टोपली घेऊन कोळणीचें सोंग आणलें. 'गाडी'ला 'गारी' आणि 'घोडबंदर'ला 'घोरबंदर' म्हणत त्यानें वाक्यावाक्याला टाळी घेतली, व मंडपांत हशाचा कल्लोळ उडाला. तिसऱ्या रांगेंत आमच्याच एका विद्यार्थ्याची आई बसली होती. ती ओवळ्याकडची, मासळी विकून संसार चालविणारी. प्रथम तीही मोकळेपणीं हसली. मग टोपलींतले मासे सडके असल्याचा विनोद झाला, त्यामागून कोळणीच्या अंगाच्या वासाचा झाला. तेव्हां मात्र सर्व मंडप हसत असतांना ती पदर सांवरून उठली आणि मुलाचा हात धरून निघून गेली. मुलगा दुसऱ्या दिवशीं शाळेंत आला, परंतु वर्गांत बोलेनासा झाला.

पुढें कांहीं पालकांचीं पत्रें आलीं. त्यांचा सूर असा, कीं हें सारें दूरचित्रवाणीवरील थिल्लर कार्यक्रमांचें फळ होय. तेव्हां संमेलनांतून विनोदी प्रवेश अजिबात काढून टाकावे व मुलांना घरींही असले कार्यक्रम पाहूं देऊं नयेत. पालकांचा उद्वेग आम्हांस समजतो. पण त्यांचा उपाय आम्हांस मान्य नाहीं, व तो कां नाहीं हें सांगण्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

प्रथम हें लक्षांत घ्यावें, कीं लहान लहान सोंगांतून हसविण्याची ही कला दूरचित्रवाणीनें जन्मास घातलेली नाहीं. तमाशांतील बतावणी व सोंगाड्या हे आपल्याकडे पूर्वींपासूनचेच. त्या सोंगाड्याचा एक बाणा असे: तो राजापुढें उभा राहून राजाचीच टर उडवी. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यांत दादा कोंडके यांनीं जो हवालदार रंगविला, त्याच्या तोंडून कारभाराचीं लक्तरें वेशीवर टांगलीं गेलीं, आणि लोकांनीं तें नाटक डोक्यावर घेतलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालें, तेव्हां हीच परंपरा चार भिंतींच्या आंत आली. 'गजरा' या कार्यक्रमांतील छोटे छोटे प्रवेश, याकूब सईद व बबन प्रभु या जोडीचें 'हास परिहास', यांचें नांव काढतांच आजच्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांची मुद्रा खुलते, हें कोणीही घरीं अनुभवून पाहावें. नंतरच्या काळांत 'फू बाई फू' आलें, २०१४ सालीं झी मराठीवर 'चला हवा येऊं द्या' आणि २०१८ सालीं सोनी मराठीवर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' सुरू झाली. आमच्या मुलांच्या तोंडीं जी वाक्यें असतात तीं बहुधा या शेवटल्या दोहोंतलीं.

आणि हे नट कोणी परके नव्हेत. भाऊ कदम हे डोंबिवलीचे, एके काळीं पानाची टपरी चालविलेले. शिवाली परब कल्याणची, दत्तू मोरे ठाण्याचा. आमच्या घोडबंदर रस्त्यावरून रोज जी माणसें बसमध्यें लोंबकळत जातात, त्यांच्यांतूनच हीं वर आलेलीं आहेत. भाऊ कदमांचें काम बारकाईनें पाहावें. ते फार बोलत नाहींत. समोरच्याचें वाक्य संपलें, कीं ते क्षणभर कांहींच करीत नाहींत; नुसते पाहतात. त्या एका क्षणांत प्रेक्षकाला जें सुचायचें तें सुचून जातें, आणि मग ते एखादाच शब्द टाकतात. हा थांबण्याचा गुण किती कठीण आहे, हें वक्तृत्वस्पर्धेंत धांवत सुटणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलों आहों, आणि त्यांनीं तो आमच्यापेक्षां भाऊ कदमांकडून लवकर शिकावा, यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट आपले प्रवेश स्वतः लिहितात. 'चला हवा येऊं द्या'मध्यें हास्याचा धुमाकूळ चालू असतांना सागर कारंडे हे टपालवाल्याच्या वेषांत येऊन अरविंद जगताप यांनीं लिहिलेलें पत्र वाचीत, तेव्हां घराघरांत माणसें गप्प होत. ज्या कार्यक्रमाला हसतां हसतां असें थांबतां येतें, त्याला एका शब्दांत थिल्लर ठरविणें न्यायाचें नाहीं.

मग आमच्या मंडपांत चुकलें काय? आमच्या मतें मुलांनीं त्या नटांचीं वाक्यें उचललीं, लकबी उचलल्या, पण ते नट ज्या जागीं उभे राहून बोलतात ती जागा पाहिली नाहीं. गौरव मोरे रंगमंचावर येतो तो आपण पवईच्या फिल्टरपाड्याचे आहों असें गर्जून सांगत. मुंबईंतील ती एक साधी वस्ती. तिचें नांव त्यानें स्वतःच्या तोंडानें घेतलें व महाराष्ट्रभर नेलें. त्याच वस्तीचें नांव एखाद्या बंगल्यांतल्या मुलानें नाक मुरडून घेतलें असतें, तर शब्द तेच राहिले असते व विनोदाची शिवी झाली असती. चिं. वि. जोशींचे चिमणराव आपल्या फजितीच्या कथा आपणच सांगतात. म्हणून तर त्या फजितीला इतकें माणूसपण आहे. पुढें दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनीं चिमणराव आणि गुंड्याभाऊ उभे केले, तेव्हां सारा महाराष्ट्र त्यांच्या बावळटपणाला हसला, पण त्यांत आपलाच चेहरा पाहून हसला.

या संबंधांत साहेबाच्या देशांतलें एक उदाहरण आमच्या इंग्रजीप्रेमी विद्यार्थ्यांस रुचेल. बी.बी.सी.वर १९६९ ते १९७४ या काळांत 'मॉन्टी पायथन्स फ्लाइंग सर्कस' नांवाचा प्रवेशमालिकेचा कार्यक्रम होत असे. ग्रॅहम चॅपमन, जॉन क्लीज, टेरी गिलियम, एरिक आयडल, टेरी जोन्स व मायकेल पेलिन हे त्याचे सहा जण. त्यांतील गिलियम हा जन्मानें अमेरिकन, बाकीचे पांच ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज येथें शिकलेले. एवढ्या थोर विद्यापीठांत शिकून त्यांनीं केलें काय, तर विचित्र चालीच्या संवर्धनासाठीं एक सरकारी खातें कल्पिलें, आणि त्याच्या अधिकाऱ्याचें सोंग घेऊन क्लीज साहेब हातांत बॅग व डोक्यावर गोल टोपी अशा थाटांत, ढांगा आकाशांत फेंकीत, लंडनच्या रस्त्यानें कचेरीस गेले! लुगडें नेसण्याऐवजीं ते झगे घालून बायकांचीं सोंगेंही पुष्कळ करीत, व त्यांतलीं सर्वच आज गोड वाटतात असें आम्ही म्हणणार नाहीं. पण त्यांच्या चेष्टेचा मुख्य रोख पाहावा: न्यायाधीश, लष्करी अधिकारी, पंडित, आणि ज्या बी.बी.सी.कडून त्यांना पैसे मिळत ती बी.बी.सी. सुद्धां. ते ज्या वर्गांत वाढले त्याच वर्गाची त्यांनीं रेवडी उडविली.

आपल्या कार्यक्रमांत दोष नाहींत, असा आमचा दावा नाहीं. एखाद्याच्या लठ्ठपणावर, दुसऱ्याच्या काळ्या रंगावर, तिसऱ्याच्या टकलावर चाललेला विनोद पुन्हां पुन्हां ऐकून आम्हीं स्वतः यंत्र बंद केलें आहे. पुरुषानें साडी नेसली एवढ्याच भांडवलावर कांहीं प्रवेश उभे राहतात, आणि तेवढ्यावर फार वेळ उभें राहतां येत नाहीं. शिवाय समोर परीक्षक बसवून त्यांचे हसरे चेहरे क्षणोक्षणीं दाखविण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कोठें हसावें हें आम्हांस कळतें. त्यासाठीं पंचांची गरज नाहीं. आठवड्यामागून आठवडे नवे प्रवेश द्यावयाचे म्हणजे चांगल्या लेखकाचीही दमछाक होणारच, आणि दमलेला लेखक सर्वांत जवळची वस्तु उचलतो: कोणाचें तरी पोट, कोणाची तरी बोली.

बोलीचा प्रश्न आमच्या भागांत विशेष नाजूक आहे. माजिवड्यापासून गायमुखापर्यंत आज जेथें गगनचुंबी इमारती दिसतात, तेथें वाघबीळ, ओवळें, कासारवडवली हीं जुनीं गांवें अद्याप नांदत आहेत, आणि पलीकडे येऊरच्या डोंगरांत आदिवासींचे पाडे आहेत. आमच्या एकाच बांकावर विसाव्या मजल्यावरचा मुलगा व आगरी घरांतला मुलगा शेजारीं बसतात. बोलीला हसण्याचा हक्क कोणाचा? मालवणीचा इतिहास येथें आठवतो. एके काळीं मराठी नाटकांत मालवणी बोले तो बहुधा घरगडी, व ती बोली म्हणजे हुकमी हशा. १९८० सालीं गंगाराम गवाणकरांचें 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलें. मच्छिंद्र कांबळी यांनीं त्यांत सबंध नाटकच मालवणींत आणून बसविलें. हशा पूर्वींपेक्षां शतपट झाला, प्रयोग पांच हजारांच्या पुढें गेले, आणि मालवणी माणूस आपली बोली चारचौघांत मोठ्यानें बोलूं लागला. गड्याचा तात्या सरपंच झाला, एवढाच काय तो फरक.

असा फरक आम्हीं यंदा आमच्या वर्गांतही पाहिला. गप्प झालेल्या त्या मुलाला आमच्यापैकीं एका शिक्षकांनीं पावसाळ्यांत एक प्रवेश लिहून आणण्यास सांगितलें. तो त्यानें दोन महिने आणला नाहीं. मग एके दिवशीं वहीचीं तीन पानें पुढें ठेवलीं. प्रवेश असा: कोळीण एका मोठ्या इमारतीच्या फाटकापाशीं मासळी घेऊन उभी आहे. पहारेकरी नोंदवही उघडून विचारतो, नांव काय, कोणत्या मजल्यावर जावयाचें, काम काय. ज्यांनीं मासळी मागविली त्या बाईंची मोटार गायमुखापाशीं अवजड वाहनांत अडकलेली असते, व त्या दूरध्वनीवरून दर पांच मिनिटांनीं आपण पोंचलोंच असें सांगतात. पाण्याचा टँकर येतो, त्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं. शेवटीं पहारेकरी वहींतला उरलेला रकाना भरण्यासाठीं विचारतो, "कोठून आलां?" त्यावर कोळीण त्या उंच इमारतीकडे एकवार पाहते. तिच्या सासऱ्याचें भाताचें शेत तेथेंच होतें. ती म्हणते, मी कोठून येणार, मी येथेंच होतें, आलां तुम्ही.

हें वाक्य त्यानें आपल्या घरच्या बोलींत लिहिलें आहे. तें येथें प्रमाण मराठींत उतरवितांना त्याचें तेज गेलें, त्याला आमचा इलाज नाहीं. वर्गांत तो प्रवेश वाचला तेव्हां सर्वांत मोठ्यानें हसला तो गेल्या वर्षीं कोळीण झालेला मुलगा. आणि पहारेकऱ्याचें काम आपणांस द्यावें म्हणून त्यानेंच प्रथम हात वर केला. पालकांनीं सुचविल्याप्रमाणें आम्हीं विनोदी प्रवेश बंद केले असते, तर हीं तीन पानें लिहिलीं गेलीं नसतीं.

तेव्हां यंदाच्या संमेलनांत विनोदी प्रवेश होतील. मात्र दूरचित्रवाणीवरचा एकही प्रवेश स्वीकारला जाणार नाहीं. विद्यार्थ्यांनीं तो स्वतः लिहावा, दहा मिनिटांचा असावा, घरच्या बोलींत असल्यास हरकत नाहीं. दुसऱ्याच्या बोलींत असल्यास ती बोलणाऱ्या सोबत्यानें तो आधीं वाचलेला असावा. मेट्रोच्या खांबांखालची कोंडी, येऊरचा बिबट्या, शिकवणीवर्ग, संमेलनांतलीं लांबलेलीं भाषणें, असे विषय हवे तितके आहेत. शिक्षकांचीं सोंगें घेण्यास पूर्ण मोकळीक आहे. मुख्याध्यापकांचें सोंग ज्याला घ्यावयाचें असेल, त्यानें कचेरींत भेटावें. त्यांनीं आपला जुना कोट व छत्री त्यासाठीं काढून ठेविली आहे.