शेजाऱ्याची मुदत

१२ एप्रिल २०२२ रोजी श्रीलंका सरकारने परकीय कर्जांची फेड तहकूब केल्याचे जाहीर केले, तेव्हा इंधन आणि औषधे मागविण्यापुरतेही डॉलर त्या देशाच्या गंगाजळीत धड उरले नव्हते. अशा समयी भारताने केलेल्या साहाय्याची स्तुती पुष्कळ झाली, परंतु ते कोणत्या वाटेने पोहोचले याची चिकित्सा, जी आमच्या पेढीवाल्या व निर्यातदार वाचकांच्या नित्य व्यवसायाची बाब आहे, फारशी झाली नाही.

सुमारे चार अब्ज डॉलरांच्या त्या साहाय्यात निव्वळ देणगीचा भाग अल्प होता. रिझर्व्ह बँकेने सार्क देशांसाठी २०१२ पासून चालविलेल्या चलन-अदलाबदलीच्या योजनेतून ४० कोटी डॉलर दिले (२०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कचे राष्ट्रप्रमुख एकत्र बसलेले नाहीत, योजना मात्र जागी राहिली). इंधनासाठी एक्झिम बँकेने ५० कोटींचे, तर अन्न-औषधांसाठी स्टेट बँकेने एक अब्जाचे कर्ज दिले. आणि आशियाई क्लिअरिंग युनियनमार्फत भारताला येणे असलेल्या रकमांना मुदतवाढ मिळाली. ही शेवटची बाब आम्हांस सर्वाधिक बोलकी वाटते. १९७४ साली स्थापन झालेली, तेहरानला दफ्तर असलेली आणि सभासदांची परस्पर येणी-देणी वळती करून दर दोन महिन्यांनी बाकी तेवढी चुकती करविणारी ही संस्था एरव्ही कोणाच्या खिजगणतीत नसते. परंतु खाते आधीपासून चालू होते म्हणूनच मुदत देता आली. जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीला कर्ज-पुनर्रचनेची हमी देणारा पहिला धनको देश भारतच ठरला, यामागेही हाच जुना हिशेब होता.

मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपण कांद्याची निर्यात बंद केली, आणि आपल्या कांद्याचे जुने गिऱ्हाईक असलेल्या श्रीलंकेला १०,००० टनांच्या खास परवानगीसाठी एप्रिल २०२४ पर्यंत थांबावे लागले. नाशिकच्या व्यापाऱ्याचे नुकसान तर झालेच; पण संकटात कर्ज देणाऱ्याने टंचाईत दार लावले, ही गोष्ट कोलंबोच्या आयातदाराने कोणत्या खात्यावर मांडावी? आमच्या मते निर्यातबंदीच्या प्रत्येक अधिसूचनेतच शेजारी देशांचा किमान कोटा, मागील तीन वर्षांच्या सरासरीवरून, विनाअर्ज राखून ठेवावा, आणि ही मागणी सरकारदरबारी मांडण्यात निर्यातदारांच्या संघटनांनी पुढाकार घ्यावा.