गाडी विजेची, परीक्षा घाटाची



राहुरी तालुक्यात विजेवर चालणारी दुचाकी आता नवलाईची राहिलेली नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून कॉलेजला जाणाऱ्या मुली, वस्त्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या आशाताई, रोज नगरला कामाला जाणारे नोकरदार, अशा कितीतरी घरांत तिची बोलणी चालू आहेत. पण ही वस्तू लाखाच्या घरातली. कर्ज काढून घेतलेली गाडी ऐन पावसाळ्यात घाटात बंद पडली, तरी कर्जाचा हप्ता काही बंद पडत नाही. तेव्हा घेण्याआधी तिची परीक्षा कशी घ्यावी, ते आज पाहू.

एका चार्जिंगमध्ये गाडी किती किलोमीटर चालते, हा आकडा कंपनीच्या पत्रकात ठळक छापलेला असतो. तो खोटा नसतो. पण तो प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर मोजलेला असतो. तिथे चढ नाही, समोरचा वारा नाही, चिखल नाही आणि मागे बसलेली बहीणही नाही. वाहनांची सरकारमान्य चाचणी करणारी एक संस्था आपल्याच जिल्ह्यात, नगरजवळ आहे. ती म्हणजे संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई. दुसरी पुण्याची एआरएआय, १९६६ साली स्थापन झालेली. या संस्थांचा दाखला म्हणजे गाडी नियमात बसते याची खात्री. आपल्या रस्त्यावर ती किती पुरेल, हे मात्र आपणच पाहायचे.

चढाचा हिशेब अवघड नाही. गाडी आणि दोन माणसे मिळून २५० किलो वजन धरा. ते २०० मीटर उंच चढवायला सुमारे ०.१४ युनिट वीज लागते. मोटारीत व बॅटरीत वाया जाणारी धरून पावणेदोन दशांश युनिट, म्हणजे ०.१७५. सपाट रस्त्यावर डबलसीट गाडी किलोमीटरला साधारण ०.०३ युनिट खाते. म्हणजे एवढ्या चढाला सपाटीवरचे जास्तीचे सहा किलोमीटर खर्ची पडतात. घाटाची भीती वाटते तेवढी मोठी नाही. खरी खादाड आहे ती वेगाची हौस आणि समोरचा वारा. वेग दुप्पट केला की वाऱ्याचा अडथळा चौपट होतो.

एका गोष्टीत मात्र फसगत होते. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या हलक्या गाडीला नोंदणी आणि लायसन लागत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. गावात ती ठीक. पण दोन माणसे बसवून पंधराला एक असा चढ चढताना २५० वॅटची मोटार पायी चालणाऱ्याच्या वेगाने जेमतेम ओढेल, आणि तापेल ती वेगळीच. घाटापलीकडे रोज जायचे असेल, तर तिच्या वाटेला जाऊ नये.

आता पाणी. बॅटरीवर आणि मोटारीवर ‘आयपी ६७’ असा शिक्का आहे का, हे विचारा. त्याचा अर्थ, ती वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण हा शिक्का त्या भागापुरता. वायरींच्या जोडांना तो लागू होत नाही. ओढ्याला पूर असताना गाडी घालणे हे पेट्रोलच्या गाडीइतकेच धोक्याचे. आपल्याकडची काळी माती मडगार्डमध्ये अडकून चाक जाम करते. ती हाताने काढा, साध्या पाण्याने धुवा; सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली गाडी देऊ नका.

२०२२ साली देशात विजेच्या दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल, तर दहा वेळा विचार करा. घरी काळजी ही घ्यावी: भिजून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये, ती कोरडी आणि थंड होऊ द्यावी. प्लगला अर्थिंग असावे. चार्जर कंपनीचाच वापरावा. आणि मुले झोपतात त्या खोलीत, किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारात, रात्रभर बॅटरी चार्ज करू नये.

शेवटी, घेण्यापूर्वीची परीक्षा. शोरूमच्या दारातली चक्कर पुरेशी नाही. त्याच मॉडेलची, एक पावसाळा काढलेली गाडी नात्यात किंवा शेजारी शोधा. मालकाला सोबत घेऊन डबलसीट वांबोरी घाट चढा आणि परत या. निघताना व आल्यावर बॅटरीचे टक्के आणि किलोमीटर वहीत लिहा. उघडीप असताना एकदा, पावसात एकदा. ओल्या उतारावर ब्रेक हळूच दाबून पाहा. माथ्यावर मोटारीची ताकद आपोआप कमी झाली का, तेही टिपा. जे किलोमीटर भरतील, त्यातून पाव भाग वजा करा, कारण वर्षे जातील तशी बॅटरी उतरत जाते. उरलेल्या आकड्यात रोजचे जाणे-येणे बसून रात्री दवाखान्याची एक फेरी शिल्लक राहत असेल, तरच पैसे मोजा. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, हे बिलासोबत लिहून घ्या. दुकानदाराचा तोंडी शब्द घाटात कामाला येत नाही.