रोग केबलला, औषध मॉनिटरला!

नवा मॉनिटर घेताना आपण किती चोखंदळ असतो! चार दुकाने पालथी घालतो, जाणकार भाच्याला फोन करतो, हप्त्यांचा हिशेब मांडतो. अखेर सत्तावीस इंची, 'फोर-के' चित्राचा मॉनिटर घरी येतो. टेबलावर बसवल्यावर लक्षात येते की, खोक्यातली केबल कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून एक लांब केबल आणली जाते. 'कोणतीही द्या हो, वायरच तर आहे!' असे म्हणून.

नेमके इथेच घोडे पेंड खाते. दोन दिवसांनी पडदा मध्येच क्षणभर काळा होतो. कधी पांढरे ठिपके चमकून जातात. घरून नोकरी करणाऱ्या सुनेची मीटिंग ऐन रंगात असताना चित्र गुल होते. दुरुस्तीवाला येतो, 'ग्राफिक्स कार्ड गेलेय' म्हणून हजारोंचा आकडा सांगतो किंवा मॉनिटर कंपनीकडे पाठवायला लावतो. दोष मात्र असतो त्या वायरचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली गत!

वायरवर भार किती?

फोर-के पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात. गुणाकार केला, तर ८२,९४,४०० ठिपके होतात. हे सगळे चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवले जाते आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी माहितीचे २४ बिट लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे ११९४ कोटी बिट! त्यात संदेशाची बांधणी आणि मधल्या मोकळ्या जागा धरल्या, की एचडीएमआय केबलला सेकंदाला जवळजवळ १८०० कोटी बिट, म्हणजेच १८ गिगाबिट वाहून न्यावे लागतात. जुन्या 'फुल एचडी' मॉनिटरला याच्या चौथा हिस्साच पुरत असे. म्हणून 'जुन्या मॉनिटरवर हीच केबल छान चालत होती' हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

आकडा नको, नाव वाचा

दुकानात केबलच्या पाकिटावर 'व्हर्जन २.०', 'व्हर्जन २.१' असे ठळक छापलेले दिसते. वास्तविक हे आकडे कॉम्प्युटर आणि मॉनिटर यांच्या तंत्राचे आहेत. केबलवर ते छापू नयेत, असा एचडीएमआयचा परवाना देणाऱ्या संस्थेचाच नियम आहे. केबलची ओळख तिच्या वर्गाच्या नावावरून पटते. 'हाय स्पीड' वर्गाची केबल फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळा नेण्याइतपत तपासलेली असते. ६० वेळांसाठी 'प्रीमियम हाय स्पीड' घ्यावी. तिची क्षमता १८ गिगाबिट. त्याहून वेगवान, खेळांसाठीच्या मॉनिटरला 'अल्ट्रा हाय स्पीड' लागते. तिची क्षमता ४८ गिगाबिट. या दोन वर्गांच्या प्रमाणित केबलच्या पाकिटावर तपासणीचे लेबल असते. त्यावरचा क्यूआर कोड एचडीएमआयच्या अधिकृत अ‍ॅपने मोबाइलवर तपासता येतो. लेबल नसेल, तर पाकिटावरच्या मोठमोठ्या शब्दांना फारसा अर्थ नाही.

विसाव्या पिनेची गोष्ट

कॉम्प्युटरच्या मॉनिटरला एचडीएमआयबरोबर बहुधा 'डिस्प्लेपोर्ट'ही असते. दोन्हींत ते असेल, तर तीच वाट धरावी. फोर-के आणि सेकंदाला ६० चित्रे एवढ्यासाठी साधी प्रमाणित केबल पुरते. त्याहून अधिक वेगासाठी 'डीपी-८के' असे प्रमाणपत्र असलेली घ्यावी.

स्वस्तातल्या डिस्प्लेपोर्ट केबलमध्ये मात्र एक खोड आढळते. तिच्या टोकात २० पिना असतात. विसावी पीन विजेची असते आणि नेहमीच्या केबलमध्ये ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडायची नाही, असा संकेत आहे. काही उत्पादक ती सर्रास जोडतात. मग मॉनिटरमधली वीज उलटी कॉम्प्युटरमध्ये शिरते. कॉम्प्युटर बंद केला तरी त्याचा एखादा दिवा जळत राहतो, नाहीतर सकाळी तो सुरूच होत नाही. केबल काढली की शहाण्यासारखा चालू लागतो! असे घडले, तर ती केबल पुन्हा वापरू नये.

सारखे तोंड, वेगळे पोट

लॅपटॉपवाल्यांची फसगत यूएसबी-सी केबलमध्ये होते. मोबाइल चार्ज करायची केबल आणि चित्र नेणारी केबल यांची तोंडे हुबेहूब सारखी. पण चार्जरबरोबर येणाऱ्या अनेक केबलींत चित्रासाठी लागणाऱ्या तारा नसतातच. शिवाय लॅपटॉपच्या त्या खाचेतून चित्र बाहेर येते की नाही, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे.

एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल सहसा एकाच दिशेने चालते. कॉम्प्युटरला डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरला एचडीएमआय. उलट जोडली, तर पडदा काळाच राहतो.

लांबी आणि सोने

अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे अंतर पाहून केबल घ्यावी. दोन मीटर पुरत असतील, तर पाच मीटरची घेऊन टेबलामागे वेटोळे घालू नये. लांबी वाढली की संदेश क्षीण होतो. अंतर खरोखरच मोठे असेल, तर प्रकाशतंतूची केबल मिळते. तिचे एक टोक कॉम्प्युटरचे आणि दुसरे पडद्याचे असते. तशी खूण त्यावर केलेली असते.

'काकू, ही गोल्ड प्लेटेड घ्या, चित्र एकदम झकास येईल!' हे वाक्य मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत कुठेही ऐकू येईल. सोन्याच्या मुलाम्याने टोक गंजत नाही, समुद्रकाठच्या दमट हवेत त्याचा थोडा उपयोगही होतो. पण चित्र त्याने उजळत नाही. संदेश आकड्यांचा असतो. तो नीट पोहोचला, तर महाग आणि स्वस्त केबलचे चित्र सारखेच दिसते. नाही पोहोचला, तर ठिपके आणि अंधार!

घरच्या घरी परीक्षा

पडदा लुकलुकू लागला, तर दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी हे करून पाहावे. दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. डिस्प्लेपोर्टच्या टोकाला बहुधा खटका असतो. तो दाबूनच ओढावे. मग मॉनिटरच्या खोक्यातली मूळ केबल लावून, गरज पडल्यास मॉनिटर जवळ सरकवून, दिवसभर काम करावे. तक्रार थांबली, तर दोषी कोण ते कळलेच. मूळ केबलनेही पडदा काळा होत असेल, तरच तज्ज्ञाला बोलवा.

विंडोज असेल, तर सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या प्रगत भागात जाऊन 'रिफ्रेश रेट' पाहावा. ६० हर्ट्‌झच्या मॉनिटरवर ३० दिसत असेल आणि माउसचा बाण अडखळत सरकत असेल, तर केबल, कॉम्प्युटर किंवा मॉनिटरची खाच यांपैकी एक कडी कच्ची आहे. कॉम्प्युटर किंवा मॉनिटर स्वतःच ३० वर अडत असेल, तर महागडी केबलही त्यापुढे काही करू शकत नाही.

पावती जपून ठेवा

केबल किरकोळ वस्तू म्हणून आपण पावती मागत नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीवरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणून केबल आणल्याबरोबर लावून पाहावी, पाकीट फेकू नये. दुकानदार ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा.

मॉनिटर वर्षानुवर्षे टिकायला हवा. त्याच्यापुढे आपल्या माणसांचे डोळे रोज आठ-आठ तास खिळलेले असतात. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात 'कोणतीही द्या' म्हणण्याऐवजी एवढेच म्हणा : 'लेबल दाखवा आणि पावती द्या!'