नकाशा आणि खरी नोंद

प्रत्येक मोठ्या शहराच्या पायाखालीं दुसरें एक शहर वसलेलें असतें. पाण्याचे नळ, गॅसच्या नळ्या, विजेच्या तारा, मैल्याचीं गटारें यांचें तें शहर डोळ्यांस दिसत नाहीं. तें केवळ नकाशावरच पाहतां येतें. पूर्वीं हे नकाशे कागदावर काढून कचेरींत गुंडाळून ठेवीत. आतां पाणी, वीज व गॅस पुरविणाऱ्या कंपन्या ते संगणकावर ठेवूं लागल्या आहेत. अशा नकाशावरील प्रत्येक रेघेमागें एक टिपण असतें: नळी कोणत्या सालीं घातली, कशाची, किती व्यासाची, आणि जवळची झडप कोठें. नळ फुटला, तर कोणती झडप बंद करावी व कोणत्या आळीचें पाणी तुटेल, हें बसल्या जागीं कळतें. ही सोय फार मोठी आहे, यांत शंका नाहीं.

परंतु नकाशा संगणकावर आला म्हणजे तो खरा ठरला, असें मानणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत सॅन ब्रुनो येथें 9 सप्टेंबर 2010 रोजीं संध्याकाळीं जमिनीखालील गॅसची नळी फुटून भयंकर स्फोट झाला. त्यांत 8 माणसें मृत्युमुखीं पडलीं व 38 घरें नष्ट झालीं. ही नळी 1956 सालीं घातलेली, 30 इंच व्यासाची होती. कंपनीच्या संगणकीय नकाशांत ती बिनजोडाची म्हणून नोंदलेली होती. चौकशींत आढळलें कीं, ती जोडाची होती. इतकेंच नव्हे, तर त्या ठिकाणीं आखूड तुकडे बसविलेले असून कांहीं तुकड्यांचा जोड आंतल्या बाजूनें झाळलेलाच नव्हता. जी नळी बिनजोडाची म्हणून लिहिली, तिचा जोड तपासावा असें कोणाच्या मनांत कसें यावें?

जुन्या कागदावरील खाडाखोड किंवा प्रश्नचिन्ह पाहून जाणता मनुष्य सावध होत असे. संगणकावर मात्र मोजून काढलेली रेघ आणि अंदाजाची रेघ सारखीच ठसठशीत दिसते. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जी माहिती पडताळलेली नाहीं ती कंपन्यांनीं निराळ्या खुणेनें दाखवावी, आणि रस्ता खणला जाईल तेव्हां उघड्या पडलेल्या नळीशीं जुनी नोंद ताडून पाहावी. यास खर्च येतो, असें कोणी म्हणेल. येतो खरा, पण खड्डा तर दुसऱ्या कामासाठीं खणलेलाच असतो.

आपल्या देशांतहि भारत सरकारनें 22 मार्च 2023 रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ नांवाचें मोबाइल ॲप सुरू केलें. खणणाऱ्यानें आधीं कळवावें व जमिनींत ज्यांच्या तारा वा नळ्या असतील त्यांनीं त्यास सावध करावें, असा त्याचा हेतु आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु सावध करणाराच चुकीच्या नोंदीवर विसंबला, तर तिचा उपयोग काय?

विद्यार्थ्यांनो, असल्या नोंदी उद्यां तुमच्यांतीलच कोणी लिहिणार आहेत. ती संवय आज प्रयोगवहींत लागते. उत्तर जुळावें म्हणून आंकडा बदलून लिहिणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पालकांसहि आमची विनंति आहे: मुलानें “मला ठाऊक नाहीं” असें प्रामाणिकपणें सांगितल्यास त्यावर रागावूं नये. जेथें हें वाक्य बोलण्यास माणूस भितो, तेथें रिकामी जागा खोट्या नोंदीनें भरली जाते.