चुंबकाचा पट्टा आणि न जुळलेलं हाड

मनोरीत मावरं विकणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बायकांच्या गुडघ्यांवर हल्ली काळे पट्टे दिसतात. आत गोल चुंबक शिवलेले असतात. कुणी दारावर येऊन विकून गेलेलं असतं, कुणी नातेवाइकाच्या शब्दाखातर हप्त्यांनी चुंबकाची गादीच घेतलेली असते. ‘अगो, दवाखान्यात पण चुंबकाचंच मशीन लावतात ना?’ असं शेजारच्या मावशींनी मला विचारलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, खाडीपलीकडे मालाडला काम करते आणि ते मशीन स्वतः लावते. त्यामुळे उत्तर देणं माझंच काम आहे.

त्या मशीनमध्ये चुंबक नसतो, तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज थांबून थांबून सोडली की आसपासचं चुंबकीय क्षेत्र सारखं वरखाली होतं आणि अशा बदलत्या क्षेत्रामुळे हाडात अगदी क्षीण वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेला हा नियम. वीज आणि चुंबकाचं हे नातं मुंबईने फार पूर्वी अनुभवलं आहे. विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडतील, म्हणून ते काम १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. पट्ट्यातल्या चुंबकाचं क्षेत्र मात्र आहे तसंच राहतं. त्याने हाड भरून येतं याला पुरावा नाही.

मशीनची कथा वेगळी आहे. दाब पडला की हाडात विजेचा सूक्ष्म भार तयार होतो, हे फुकादा आणि यासुदा या जपानी संशोधकांनी १९५७ मध्ये मांडलं. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू बॅसेट यांनी न जुळणाऱ्या हाडांवर वेटोळी वापरली आणि १९७९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्या वापराला मान्यता दिली. मान्यता होती ती महिनोन्‌महिने न सांधलेल्या फ्रॅक्चरसाठी. तिथेही पुरावा भक्कम नाही. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात चारच चाचण्या सापडल्या, मिळून १२५ रुग्ण. कल फायद्याकडे होता, पण ठाम निष्कर्ष निघाला नाही. शिवाय बॅसेट यांचे रुग्ण रोज कित्येक तास, अनेक महिने ते वेटोळं बांधून असत. आपल्याकडे वीस मिनिटं, दहा दिवस, आणि बिलात ‘मॅग्नेटो’ची एक ओळ. झिजलेल्या गुडघ्याचं दुखणं अशा मशीनने थोडं कमी होऊ शकतं, पण झिजलेली कूर्चा त्याने परत येते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

माझा राग इथे आहे. न जुळलेल्या हाडासाठी मिळालेली पत उसनी घेऊन तीच गोष्ट प्रत्येक दुखऱ्या सांध्याला विकली जाते. फ्रॅक्चर का जुळत नाही, हे आधी शोधायला हवं. टोकं हलतात का? मध्ये फट मोठी आहे का? जंतुसंसर्ग, मधुमेह? आणि तंबाखू. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्री लावतात, पण तंबाखूविषयी विचारलं की ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्रीला त्या तंबाखू समजतच नाहीत. निकोटिनमुळे हाड सांधायला उशीर होतो. मिश्री सुटली तर हाडाला मदत होते आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. फट रुंद असेल तर शस्त्रक्रियाच लागते. तिथे वेटोळ्यावर घालवलेले महिने वाया जातात.

पेसमेकर असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मशीनजवळ जाऊ नये. दारावर पट्टे आणि गाद्या विकणारे ‘पेसमेकर आहे का?’ हा प्रश्न विचारताना मी पाहिलेले नाहीत.

मावशींना मी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम दिला. पाय सरळ ठेवून उचलायचा, थोडा वेळ धरायचा, सावकाश खाली आणायचा. गुडघ्याच्या झिजेत व्यायामाचा पुरावा चुंबकापेक्षा कितीतरी भक्कम आहे. पट्ट्याच्या उबेने बरं वाटत असेल तर त्यांनी तो खुशाल बांधावा, पण गादीचे हप्ते भरण्यासाठी औषधं थांबवू नयेत.

आमच्या व्यवसायाकडूनही एक अपेक्षा आहे. ज्या रुग्णाला हे मशीन लावलं, त्याच्या कागदावर कारण लिहावं: कुठलं हाड, किती महिने न जुळलेलं, किती तास, किती दिवस. राज्याच्या भौतिकोपचार परिषदेने हे सक्तीचं करावं. मनोरीची बाई जेट्टीवर बोटीची वाट बघून, दिवसाची विक्री बुडवून मालाडला येते. पैसे कशाचे घेतले, हे तिला त्या कागदावर वाचता आलं पाहिजे, तेही मराठीत.