शब्दांचीं कुळें : उमेदवार आणि त्याचे सोबती

आमच्या थोरल्या पुतण्याची मुलगी मागल्या महिन्यांत एका नोकरीच्या मुलाखतीस जाऊन आली. रात्रीं सारीं पानांवर बसलीं तेव्हां ती म्हणाली, "आजोबा, अर्ज केला तेव्हां मी 'अ‍ॅप्लिकंट' होतें, बोलावणें आलें त्यांत 'कँडिडेट' झालें, आणि तेथें दारावर चिकटविलेल्या कागदांत 'इंटरव्ह्यूई'! एका पंधरवड्यांत माझे तीन जन्म झाले." सर्व हंसले, पण मुलीचा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

'अ‍ॅप्लिकंट' म्हणजे नुसता अर्ज धाडणारा. तो कोणीही असूं शकतो, आणि त्याचा अर्ज न वाचतां टोपलींतही जाऊं शकतो. ज्याचा विचार करावयाचें ठरलें, तो 'कँडिडेट'. या शब्दाचें कुळ मोठें मौजेचें आहे. प्राचीन रोमांत अधिकारपदासाठीं उभा राहणारा गृहस्थ खडूनें पांढरा स्वच्छ केलेला 'टोगा' अंगावर घेऊन चौकांत मतें मागत फिरे. लॅटिन भाषेंत 'कांदिदुस' म्हणजे शुभ्र. म्हणून हा शुभ्रवस्त्रधारी तो 'कांदिदातुस'. वस्त्र शुभ्र म्हणून आंतील मनुष्यही तसाच असे, असें मात्र नाहीं. मतांसाठीं पैसे चारणाऱ्यांविरुद्ध रोमन लोकांना कायदे करावे लागले. या मतांसाठीं दारोदार हिंडण्याला ते 'आंबितिओ' म्हणत, आणि त्यावरूनच इंग्रजीचा 'अँबिशन' निघाला.

निष्कपट या अर्थाचा 'कँडिड' आणि मेणबत्तीवाचक 'कँडल' हीं 'कँडिडेट'च्याच घरचीं भावंडें. संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस आणखी एक आप्त सांगतों. या लॅटिन शब्दांचा मूळ धातु आणि आपला 'चंद्र' हे दोन्ही एकाच पुरातन मुळाचे, प्रकाशणें या अर्थाचे. वैदिक रूप 'श्चन्द्र' असें आहे. त्यांतला श् आज 'हरिश्चंद्र' या नांवांत तेवढा टिकून राहिला आहे. ज्या राजाची परीक्षा पाहतांना देवादिकांनीं कांहीं शिल्लक ठेविलें नाहीं, त्याच्याच नांवांत तो असावा याची मला नेहमीं गंमत वाटते.

'इंटरव्ह्यूई', 'एग्झॅमिनी', 'नॉमिनी' हे निराळ्या गोत्राचे. त्यांच्या अंतींचा 'ई' हा फ्रेंचांच्या कर्मणि भूतकालवाचक धातुसाधिताचा अवशेष असून तो वकिलांच्या भाषेंतून इंग्रजींत पसरला. 'एग्झॅमिनर' परीक्षा घेणारा, 'एग्झॅमिनी' ज्याची ती घेतली जाते तो. एक आपला तृच्, दुसरा क्त. या शब्दांत मनुष्य कांहीं करीत नाहीं, त्याचें कांहीं केलें जातें. विलायतेंतील परीक्षापत्रिकांवर अद्यापि 'कँडिडेट' हाच शब्द छापतात, तो मला अधिक सभ्य वाटतो. आपला 'परीक्षार्थी' तर परीक्षेची इच्छा करणारा! एवढीं वर्षें शिकविलें, पण असा एकही मला भेटला नाहीं.

नोकरींत अजून कायम न झालेला तो 'प्रोबेशनर'. पारखणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून हा आला, आणि त्या क्रियापदाच्या मुळाशीं असलेला 'प्रोबुस' हा आपल्या 'प्रभु'चा सख्खा भाऊ. बिचाऱ्यास हें कोणीं सांगत नाहीं. 'उमेदवार' हा शब्द फारसी, उमेद म्हणजे आशा बाळगणारा. पूर्वीं कचेरींत जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी खर्डेघाशी करीत, तिला उमेदवारी म्हणत.

आतां एक शब्द राहिला, तो लिहावयास हात कचरतो. 'नापास'. फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' यांचा हा संकर. इंग्रजी निकालपत्रांत बहुधा 'अन्सक्सेसफुल कँडिडेट' असें लिहितात; यश गेलें तरी पांढरें वस्त्र अंगावर राहतें. आम्हीं मास्तरांनीं मात्र मुलालाच नापास म्हटलें. एका वर्षीं निकाल वाचतांना मीं एका मुलाचें नांव घेऊन 'नापास, यंदाही' असें भर वर्गांत म्हणालों, आणि वर्ग हंसला. 'यंदाही' हें म्हणण्याचें कांहीं कारण नव्हतें. तो मुलगा पुन्हा आला नाहीं. आठ दिवसांनीं त्याचे वडील दाखला नेण्यास आले, माझ्याशीं एक शब्द बोलले नाहींत, आणि जातांना नमस्कार मात्र करून गेले. त्या मुलाचें पुढें काय झालें हें मला कधीं कळलें नाहीं.

परवां आमच्या नातीस त्या कार्यालयाचें उत्तर आलें. पत्र इंग्रजींत होतें, आणि त्यांत तेच दोन शब्द होते. तिनें तें मजपुढें धरलें व विचारलें, "आजोबा, यांतला पांढरा कोणता?" मीं दुसऱ्या शब्दावर बोट ठेविलें. तिनें पत्र घडी करून पुस्तकांत घातलें आणि माझी दौत मागून नेली. दुसऱ्या एका जागेच्या अर्जाची मुदत शनिवारीं संपत होती.